फिनलंडची सरोवरं आणि कालवे : जुलैतल्या आठ दिवसांची जलसफर कशी आखावी?

पाणवठा
जुलैचा दुसरा-तिसरा आठवडा, एकूण आठ दिवस. चार जण, त्यातले दोघे सत्तरी ओलांडलेले, चालतात पण चढउतार जास्त नको. हेलसिंकीला उतरून साइमा सरोवराकडे जायचं नक्की आहे. प्रश्न असे: आठवडाभर केबिनमध्ये राहून सरोवरांतून फिरवणारी मोठी बोट तिकडे असते का? नसेल तर एक-एक दिवसाच्या बोटींनी फिरावं की बोट भाड्याने घेऊन स्वतः चालवावी? कालव्यांतली लॉक्स (दोन पातळ्यांमध्ये बोट वर-खाली करणाऱ्या, दरवाजे असलेल्या पाण्याच्या कोठ्या) बघायचीच आहेत, त्यासाठी कुठला मार्ग धरावा? आणि दोघे कट्टर शाकाहारी आहेत.

उत्तरध्रुवी
भूमध्य समुद्रात असते तशी, हजारो माणसांची तरंगती इमारत डोक्यातून काढून टाका. या कालव्यांची लॉक्स लहान, पुलांची उंची मर्यादित, त्यामुळे बोटीही लहान. फिनलंडच्या सरोवरांतलं मुख्य साधन म्हणजे दिवसभराची प्रवासी बोट: सकाळी एका गावातून निघते, संध्याकाळी दुसऱ्या गावाला पोचते. झोपायचं जमिनीवर, हॉटेलात.

लॉक्स बघायची असतील तर सावोनलिन्ना ते कुओपियो, हेइनॅवेसी मार्गाने. एम.एस. पुइयो नावाची बोट हा मार्ग करते, साधारण साडेदहा तास लागतात. सावोनलिन्नाच्या बाजूचं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ७६ मीटरवर, कुओपियोच्या काल्लावेसी सरोवराचं सुमारे ८२ मीटरवर. म्हणजे दिवसभरात बोट सहा मीटर वर चढते, आणि हे चढणं वाटेतल्या पिल्प्पा, विहोवुओन्ने, केर्मा आणि कार्विओ या लॉक्समधून होतं. उलटं कुओपियोहून निघालात तर तेच सहा मीटर उतरता. माझं मत विचाराल तर चढताना बघावं. समोर उंच ओला दरवाजा, दोन्ही बाजूंना भिंती, आणि पाणी भरत जातं तसं काठावरचं गवत हळूहळू डोळ्यांच्या रेषेत येतं.

आता एक महत्त्वाची गोष्ट. ही बोट रोज दोन्हीकडून सुटत नाही. एक दिवस जाते, दुसऱ्या दिवशी परत येते. त्यामुळे आधी बोटीचं वेळापत्रक उघडायचं, मग हॉटेलं, मग रेल्वे. लोक नेमकं उलटं करतात आणि सावोनलिन्नाला पोचल्यावर कळतं की आज बोट उलट दिशेची आहे. हंगामही छोटा असतो, साधारण जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिथल्या शाळा सुरू होतात आणि बऱ्याच फेऱ्या बंद पडतात.

कोकणकडा
साइमाच का, असा माझा प्रश्न आहे. आठच दिवस आणि सोबत ज्येष्ठ असतील तर ताम्पेरे जास्त सोयीचं. हेलसिंकीहून रेल्वेने दोन तासांच्या आत. एकाच गावातून दोन वेगळे जलमार्ग निघतात. दक्षिणेला हॅमेनलिन्नापर्यंत, वाटेत लेम्पॅलॅ आणि वाल्केआकोस्कीची लॉक्स. उत्तरेला नॅसियॅर्वी सरोवरातून मुरोले कालवा पार करून रुओवेसी आणि विरात. या उत्तरेच्या मार्गाला 'कवीची वाट' म्हणतात आणि त्यावर एस.एस. तार्यान्ने ही १९०८ सालची वाफेची बोट चालते.

वाफेची बोट म्हणजे डिझेलची घरघर नाही. इंजिनचे दांडे संथ लयीत फिरताना वरून बघता येतात, आणि गरम तेलाचा वास येतो. तिच्यावर छोट्या केबिनही आहेत.

नकाशावेडी
कोकणकडा, ताम्पेरेबद्दल एक भर. नकाशावर नॅसियॅर्वी आणि प्युहॅयॅर्वी ही दोन्ही सरोवरं गावाला चिकटलेली दिसतात, म्हणून वाटतं की एकाच बोटीने उत्तरेहून दक्षिणेला जाता येईल. येत नाही. दोहोंमध्ये ताम्मेरकोस्की हा धबधब्यासारखा प्रवाह आहे, १८ मीटरचा उतार, आणि तिथे कालवा नाहीच. त्या उतारावरच गावातल्या कापड आणि कागद गिरण्या उभ्या राहिल्या. त्यामुळे दक्षिणेची बोट एका धक्क्यावरून, उत्तरेची दुसऱ्या धक्क्यावरून. तिकीट काढताना धक्क्याचं नाव नीट वाचा.

नावांची किल्ली एकदा हातात आली की फिनिश नकाशा बोलायला लागतो. यॅर्वी म्हणजे सरोवर. वेसी म्हणजे पाणी. सारी म्हणजे बेट, साल्मी सामुद्रधुनी, लाहती खाडी, निएमी भूशिर, कोस्की प्रवाहाचा उतार, लिन्ना किल्ला, रांता किनारा, सेल्कॅ म्हणजे मोकळं विस्तीर्ण पाणी. मग हाउकिवेसी म्हणजे हाउकी माशाचं पाणी आणि हेइनॅवेसी म्हणजे गवताचं पाणी. 'ॲ'चा उच्चार आपल्या 'बॅट'मधल्यासारखाच, आपल्याला जड जात नाही. आणि कालव्याला शब्द आहे 'कानावा'! दोन भाषांचं काही नातं नाही, पण कानाला किती जवळचा.

मोगरा
कानावा आणि कालवा, वा! आता मुलांना तिथले निम्मे फलक वाचता येतील. :)

दर्यासारंग
स्वतः बोट चालवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

फिनलंडमध्ये खाजगी सहलीच्या बोटीला परवाना लागत नाही. तरी भाड्याने देणारे अनुभव विचारतात आणि विचारायलाच हवा. बोट ताब्यात घेताना तास-दीड तास समजावून घेण्यात घालवा: गिअर, पंप, बॅटरीचे स्विच, गॅसची तोटी, नांगर, शौचालयाची टाकी. ही टाकी सरोवरात रिकामी करणं कायद्याने बंद आहे. बंदरांत ती ओढून घेणारे पंप असतात, ते कुठल्या बंदरात आहेत हे आधीच नकाशावर खूण करून ठेवा. चार जणांत टाकी दोन-तीन दिवसांत भरते.

लॉकची पद्धत अशी. लहान लॉक्स बहुतेक स्वयंसेवा तत्त्वावर आहेत. लॉकच्या अलीकडे थांबण्याचा धक्का असतो आणि पाण्यावर एक दोरी लोंबत असते. ती एकदा ओढायची. पुन्हा पुन्हा ओढून काही लवकर होत नाही. लाल दिवा असेपर्यंत थांबायचं. दरवाजा पूर्ण उघडून हिरवा झाला की हळू आत. बोटीला दोन्ही बाजूंनी फेंडर (भिंतीवर घासू नये म्हणून लटकवायच्या गाद्या) आधीच लावलेले हवेत, आत गेल्यावर शोधायचे नाहीत. भिंतीत उभे दांडे किंवा दोर असतात. आपला पुढचा दोर त्यामागून ओवून टोक पुन्हा हातात घ्यायचं, मागचाही तसाच. गाठ मारायची नाही! उतरताना गाठ मारलेली बोट पाणी गेल्यावर दोरावर लटकते, क्लीट (दोर अडकवायचा खुंटा) उखडतं किंवा बोट कलते. चढताना भीती वेगळी. खालून पाणी जोरात आत येतं, पुढचं टोक भिंतीपासून बाहेर ढकललं जातं, म्हणून पुढच्या दोरावर ताकदवान माणूस. आतलीही दोरी ओढली की मागचा दरवाजा बंद होतो. समोरचा उघडून हिरवा दिवा लागेपर्यंत दोर सोडायचा नाही. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट. देशांतर्गत लॉक्सना सहलीच्या बोटींना पैसे पडत नाहीत.

दोर किती? दहा ते पंधरा मीटरचे दोन, शिवाय एक जादा.

निनाद
या लॉकमध्ये पंप असतो का? एवढं पाणी चढवतात कसं?

दर्यासारंग
पंप नाही. सगळं उतारावर चालतं. वरच्या सरोवराचं पाणी झडपा उघडून कोठीत सोडलं की कोठी भरते, आणि खालच्या झडपा उघडल्या की रिकामी होते. वरच्या पाण्याची पातळी आणि कोठीची पातळी सारखी होईपर्यंत दरवाजा उघडतच नाही, कारण दोन्ही बाजूंच्या पाण्याचा दाब समान व्हावा लागतो. म्हणून वाट बघावी लागते.

उत्तरध्रुवी
दर्यासारंग यांनी लॉकचं उत्तम लिहिलंय. पण पाणवठा यांच्या चौघांसाठी स्वतः बोट चालवायचा सल्ला मी देणार नाही. लॉकमध्ये दोन दोरांना दोन धडधाकट माणसं लागतात आणि तिसरं सुकाणूवर. ज्येष्ठांना ओल्या डेकवर उभं करायचं का?

दुसरं, खडक. हिमयुगाच्या बर्फाने घासून काढलेला हा प्रदेश, सरोवराच्या मधोमध पाण्याखाली हातभर खोलीवर खडक असू शकतो. पाणीही दलदलीतून येतं म्हणून चहासारखं तांबूस, तळ दिसत नाही. आखलेला जलमार्ग सोडला की जबाबदारी तुमची.

दर्यासारंग
खरं आहे, म्हणूनच जलमार्ग सोडायचा नाही. नकाशावर मार्गाच्या रेषेवर २.४ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ तिथलं पाणी २.४ मीटर खोल आहे असा नाही. २.४ मीटरपर्यंत बुडणाऱ्या बोटीला तो मार्ग दिलेला आहे, असा. भाड्याच्या बोटी साधारण मीटरभर बुडतात, म्हणजे मार्गावर निर्धास्त. मार्गाच्या खुणा लाल आणि हिरव्या: लाल डाव्या हाताला, हिरवी उजव्या.

नकाशावेडी
दर्यासारंग, इथे एक दुरुस्ती, कारण ही चूक महागात पडते. लाल डावीकडे हे फक्त मार्गाच्या ठरवलेल्या दिशेने जातानाच. सरोवरात समुद्रासारखं 'बंदराकडे येताना' असं काही स्पष्ट नसतं, म्हणून ती दिशा नकाशावर बाणाने दाखवलेली असते. परतीच्या वाटेवर सगळं उलटं.

शिवाय काळ्या-पिवळ्या खांबांच्या खुणा आहेत, त्या दिशा सांगतात. वर काळा, खाली पिवळा म्हणजे त्या खांबाच्या उत्तरेने जा. वर पिवळा, खाली काळा म्हणजे दक्षिणेने. काळा-पिवळा-काळा पूर्वेने, पिवळा-काळा-पिवळा पश्चिमेने. चार ओळी, कागदावर लिहून सुकाणूपाशी चिकटवा.

दर्यासारंग
मान्य. बाणाचं लिहायला हवं होतं.

आणखी एक, साइमावर आजही लाकडाचे ओंडके गठ्ठे बांधून पाण्यावरून ओढत नेतात. पुढे छोटी टग बोट, मागे शेकडो मीटर लांब ओंडक्यांची चटई, चालण्याच्या गतीने. टग आणि चटई यांच्या मधून जायचा विचारही करू नका, मध्ये पोलादी दोर असतो. लांबूनच वळसा घाला.

हळदीचंपान
शाकाहाराचं मी सांगते. सगळ्यात हुकमी म्हणजे कार्यालान्पिराक्का: पातळ राईच्या पोळीत दुधात शिजवलेला भात भरून कडा चिमटून भाजलेली. वर लोणी लावतात. बऱ्याचदा उकडलेलं अंडं कालवलेलं लोणी देतात, म्हणून अंडं चालत नसेल तर आधी सांगा. कडा बघाल तर करंजीला मुरड घालतो तशाच बारीक चुण्या.

सावोनलिन्नाच्या बाजारात ल्योर्त्सु मिळते, अर्धचंद्राच्या आकाराची तळलेली. सफरचंदाची असते आणि मांसाचीही असते, दिसायला सारख्याच. विचारून घ्या. मुइक्कु हे तळलेले छोटे मासे, कुओपियोच्या कालाकुक्कोमध्ये मासे आणि डुकराचं मांस दोन्ही असतं, बाहेरून मात्र ती साधी राईची गोल भाकरी दिसते. साइमाच्या दक्षिण काठावरच्या लप्पेनरांता गावच्या 'वेती' आणि 'आतोमी' या नावांना भुलू नका, दोन्ही मांस घातलेल्या तळलेल्या पेस्ट्री.

पाकिटावर 'कास्विस' शब्द शोधायचा, म्हणजे भाज्यांचं. बोटीवर जेवण आधी नोंदवताना तोच शब्द वापरा, नाहीतर सामन मासा शाकाहारी समजून वाढतील. जुलैत नवे बटाटे येतात, बडीशेपेसारख्या शेपूच्या पानांसोबत उकडलेले आणि लोणी. महिन्याच्या शेवटी जंगलात ब्लूबेरी, कुणीही तोडून खाव्यात, परवानगी लागत नाही.

मोगरा
ताई, दोघांसाठी ठेपले-चटणीचा डबा न्यावा का?

हळदीचंपान
न्याच. पण तूप, पेढे, दुधाचे पदार्थ नको, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे.

निनाद
साइमा कालव्यातून थेट समुद्रापर्यंत जाणारी, रशियातल्या व्हिबोर्गपर्यंतची सहल असते असं जुन्या प्रवासवर्णनांत वाचलं. ती घ्यावी का?

उत्तरध्रुवी
ती बंद आहे. इतिहास असा: कालवा १८५६ साली खुला झाला, तेव्हा २८ लॉक्स होती. १९४४ नंतर त्याचा निम्मा भाग सोव्हिएत हद्दीत गेला. १९६३ साली फिनलंडने तो भाग भाडेपट्ट्याने घेतला, पुन्हा बांधला आणि १९६८ साली सुरू केला. आताचा कालवा सुमारे ४३ किलोमीटर, आठ लॉक्स, एकूण उतार सुमारे ७६ मीटर. त्यातली तीन फिनलंडमध्ये: मॅल्किआ, मुस्तोला, सोस्कुआ. पाच रशियात. २०२२ नंतर पलीकडे जाणारी वाहतूक थांबली.

पण मॅल्किआ बघायला पलीकडे जावं लागत नाही. ते सरोवराकडचं पहिलंच लॉक आणि त्याची उचल १२ मीटरांहून जास्त. लप्पेनरांताच्या बंदरातून दोन-तीन तासांची कालवा-सहल निघते. याच्यापुढे हेइनॅवेसीची लॉक्स गावातल्या विहिरीसारखी वाटतात: खाली उतरलं की भिंती आकाश झाकतात.

कोकणकडा
मग ज्येष्ठांसाठी तीच पुरे. साडेदहा तास एका बोटीवर कशाला बसवायचं?

नकाशावेडी
कोकणकडा, साडेदहा तास ऐकायला जड वाटतात, पण बोटीवर उपाहारगृह आहे, आत बसायला जागा आहे, आणि दर तासा-दीड तासाला काहीतरी होतं: ओरावीची अरुंद वाट, मग चार लॉक्स, मग सुवासवेसीचं मोकळं पाणी. सुवासवेसीखाली उल्कापाताची दोन विवरं आहेत, उत्तरेचं आणि दक्षिणेचं. शेजारी-शेजारी असूनही ती वेगवेगळ्या काळातली आहेत.

खरी अडचण जिन्याची. वरचा डेक आणि खालचा यांच्यामध्ये उभी शिडी असते. ज्येष्ठांनी एकच मजला निवडून तिथेच बसावं. लॉकच्या वेळी पुढे जाऊन उभं राहिलं तरी पुरतं.

मोगरा
सील दिसेल का? साइमाचा सील जगात दुसरीकडे कुठेच नाही ना?

नकाशावेडी
दुसरीकडे कुठेच नाही. हिमयुगानंतर जमीन उचलली गेली, सरोवर समुद्रापासून तुटलं आणि हे सील गोड्या पाण्यात अडकले. तिथे त्याला नोर्प्पा म्हणतात. विसाव्या शतकात दोनशेच्याही खाली गेले होते, आता चारशेच्या वर आहेत. पिल्लं हिवाळ्याच्या शेवटी बर्फाच्या ढिगातल्या बिळात जन्मतात. १५ एप्रिल ते ३० जून त्यांच्या भागात मासेमारीच्या जाळ्यांना बंदी असते, कारण पिल्लं जाळ्यात गुदमरतात.

पण जुलैत दिसेलच असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मे महिन्यात कात टाकताना ते खडकावर तासन् तास पडून असतात, तेव्हा दिसतात. जुलैत बहुतेक पाण्यात. लिन्नानसारी राष्ट्रीय उद्यान हाउकिवेसीत आहे, पुइयो बोट त्याच्या कडेने जाते. डावी-उजवीकडचे सपाट खडक दुर्बिणीतून बघत राहायचे.

तांबडाशंख
हवामानावर कुणीच बोललं नाही. जुलैत दुपारी २० ते २५ अंश, सरोवराचं पाणी १८ ते २२. पण बोटीच्या डेकवर वारा सतत, म्हणून दुपारीसुद्धा जाकीट आणि कानटोपी. सूर्य रात्री दहा-साडेदहाला मावळतो, पूर्ण काळोख होतच नाही. ज्येष्ठांना झोप लागावी म्हणून डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या, हॉटेलचे पडदे नेहमी पुरत नाहीत.

डास बोटीवर नाहीत, किनाऱ्यावर संध्याकाळी भरपूर. गवतातून फिरून आल्यावर पायांना गोचीड चिकटली आहे का बघा. उष्ण, वारा नसलेल्या दिवसांनंतर पाण्यावर हिरवट तवंग दिसला तर पोहू नका. काडी घालून उचला: लांब तंतू काडीला लटकले तर साधं शेवाळ, काडीला काहीच न धरता विरून गेलं तर निळं-हिरवं विषारी शैवाल असण्याची शक्यता.

संकटात ११२. फोनमध्ये '११२ सुओमी' हे ॲप घालून ठेवलं तर त्यातून फोन करताच तुमचं ठिकाण कळतं, सरोवरात ते फार उपयोगी.

पाणवठा
सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून असं ठरवलंय: पहिला दिवस हेलसिंकी. दुसऱ्या दिवशी रेल्वेने लप्पेनरांता, दुपारी मॅल्किआची सहल. तिसऱ्या दिवशी सावोनलिन्ना. चौथा दिवस तिथला किल्ला आणि पुंकाहार्यू (सरोवरांमधून गेलेली चिंचोळी टेकडी). पाचव्या दिवशी पुइयोने कुओपियो. सहावा कुओपियो. सातव्या दिवशी हेलसिंकी, आठव्याला विमान. भाड्याची बोट बाद. चुकतंय का काही?

उत्तरध्रुवी
चांगलं बसलंय. तीन गोष्टी तपासा.

लप्पेनरांताहून सावोनलिन्नाला जाताना पारिक्कालाला गाडी बदलावी लागते. शाखेची गाडी छोटी असते आणि जोडगाडीला थोडाच वेळ मिळतो. मोठ्या बॅगा दाराजवळ ठेवून बसा.

जुलैत सावोनलिन्नाच्या ओलाविन्लिन्ना किल्ल्यात ऑपेरा महोत्सव असतो. किल्ला १४७५ साली सुरू झालेला, ऑपेरा पहिल्यांदा १९१२ साली. त्या आठवड्यांत गावातली हॉटेलं महिनोन् महिने आधी भरतात. तिसरा-चौथा मुक्काम आजच नोंदवा. किल्ल्यात आत जिने उभे आणि गुळगुळीत, दोघा ज्येष्ठांनी धक्क्यावरून निघणारी किल्ल्याभोवतीची दीड तासाची फेरी घ्यावी.

आणि पाचव्या दिवशीची बोट खरंच सावोनलिन्ना ते कुओपियो दिशेने आहे का, हे त्या वर्षीच्या वेळापत्रकात पाहून मगच रेल्वेची तिकिटं काढा. ती उलट दिशेची निघाली तर बोटीचा दिवस एकाने अलीकडे किंवा पलीकडे सरकवून बघा.

हळदीचंपान
पुइयोवर जेवणाचं 'कास्विस' आधी ईमेलने कळवा. सकाळी चढल्यावर सांगितलं तर बटाटे आणि सॅलडच मिळेल.

कोकणकडा
सहाव्या दिवशी कुओपियोत पुइयो टेकडीवरचा मनोरा बघा, गाडी वरपर्यंत जाते. वरून आदल्या दिवशी ज्या पाण्यातून आलात ते काल्लावेसी बेटांसकट दिसतं. उत्तर-पश्चिमेची बाजू सकाळी, दक्षिणेची संध्याकाळी. उजेड पाठीशी हवा.

पाणवठा
वेळापत्रक पाहिलं. आमच्या पाचव्या दिवशी बोट कुओपियोहून सावोनलिन्नाला येतेय. म्हणजे चौथ्या दिवशी कुओपियोला जायचं आणि पुंकाहार्यू गळणार, किंवा सगळा क्रम फिरवायचा: आधी कुओपियो, मग बोटीने खाली सावोनलिन्ना, शेवटी लप्पेनरांता.

उत्तरध्रुवी
फिरवा. उतरत्या लॉक्समध्ये बोटीच्या मागच्या बाजूला उभे राहा. दरवाजा मागे बंद होतो, पाणी खाली जातं आणि त्याच्या फटींतून वरच्या सरोवराचं पाणी चिळकांड्या मारत येतं, ते तिथूनच दिसतं. लप्पेनरांता शेवटी आल्यामुळे हेलसिंकी दोन तासांवर, सातवा दिवसही दमछाक न होता संपेल.